रद्द झालेल्या मोहिमेचे हातमोजे

व्हर्ना टिलमन आणि मी अमेरिकेतल्या डोव्हरच्या कारखान्यात शेजारशेजारच्या मशीनवर बसायचो. चंद्रावर जाणाऱ्यांचे पोशाख आम्ही बायकाच शिवायचो. त्याआधी व्हर्नाने वीस वर्षं बायकांच्या काचोळ्या शिवल्या होत्या.

रसेल हाके या अंतराळवीराचे हातमोजे तिच्याकडे होते. कॉलेजात फुटबॉल खेळताना मोडलेली त्याची करंगळी वाकडीच जुळली होती. तेवढ्यासाठी व्हर्नाने शिवण चारदा उसवली. तो मापाला आला की ती त्याला दमात घ्यायची, "हात सैल सोड. मी काय तुझी सासू आहे, घाबरायला?"

"सासू परवडली, मिस व्हर्ना. ती टाचण्या तरी टोचत नाही."

सत्तर सालच्या सप्टेंबरात वॉशिंग्टनहून बातमी आली. चंद्राच्या दोन मोहिमा रद्द. रसेल ज्या मोहिमेवर जाईल असं सगळे धरून चालले होते, ती त्यातलीच.

चार दिवसांनी तो न कळवता कारखान्यात आला. आम्ही मशीन थांबवल्या.

"फोन करायचास की," व्हर्ना म्हणाली.

"फोनवर सांगवेना. एकदा घालून बघू?"

तिने हातमोजे आणले, मनगटाच्या कड्या स्वतः बसवल्या. त्याने मूठ मिटली, उघडली. टेबलावरची टाचणी चिमटीत उचलून दाखवली. "बघा, कुठ्ठे काचत नाही," म्हणाला, आणि हातमोज्यांसकट तोंड झाकून रडू लागला. इतक्या बायकांसमोर. व्हर्ना त्याच्या पाठीवरून हात फिरवत राहिली.

वर्षभरात नोकरी सोडून तो गावी, ओक्लाहोमाला गेला. तिथे गव्हाच्या शेतांवर फवारणीचं विमान चालवायचा. चौऱ्याहत्तरच्या मे महिन्यात ते विजेच्या तारेत अडकून पडलं.

आम्ही दोघी बसने दोन दिवस प्रवास करून दफनाला गेलो. नंतर घरातली गर्दी पांगली, तेव्हा त्याची बायको लॉरीन स्वयंपाकघरात शेजाऱ्यांनी जेवण आणून दिलेली भांडी घासत होती.

"तुम्हाला एक सांगते," ती मागे न वळता म्हणाली. "त्याला कधी बोलले नाही. मी रोज गुडघे टेकून मागायची, देवा, याला तिकडे पाठवू नकोस. मला हा जिवंत हवाय." तिने नळ बंद केला. "आणि देवानं ऐकलं हो माझं."

 व्हर्नाने खुंटीवरचं फडकं घेतलं आणि एकेक भांडं पुसायला लागली.