गाण्यावरचं बोलणं

सुनीलकुमारने हेडफोन अलकाबाईंच्या कानांवर नीट बसवले आणि आवाज जरा खाली आणला.

“घट्ट नाहीत ना, अक्का?”

“नाहीत. लाव तू.”

उद्या अलकाबाईंच्या यजमानांची, दामोदरांची शोकसभा होती. तिथे त्यांचा आवाज ऐकवायचा होता. शिवाजीनगरच्या या लहानशा रेडिओ स्टुडिओत दामोदर वीस वर्षं दर शनिवारी येत, क्यूबा-मेक्सिकोची गाणी लावत आणि कोणता ढोल कोणत्या बंदरातून कुठे पोचला, ते सांगत.

दोन महिन्यांपूर्वी ते इस्पितळात असताना सगळे कार्यक्रम नव्या संगणकावर हलवायचे होते. जागा पुरेना. सुनीलकुमारने गाणी ठेवली, बोलणं कापलं. त्या गाण्यांच्या जुन्या तबकड्या पुन्हा मिळाल्या नसत्या. दामोदर काय, बरे होऊन येणारच होते.

आता उरले होते ते फक्त तुकडे. गाणं सुरू झालं तरी दामोदर बोलत राहत. गाण्यात मिसळलेलं ते बोलणं कापता आलं नव्हतं. सकाळपासून बसून त्याने तेच जोडले होते.

अलकाबाई ऐकता ऐकता हसल्या. कानांवर हेडफोन असल्याने मोठ्याने बोलल्या.

“बघ, गाण्यावर बोलतायत. किती ओरडायचास तू त्यांना.”

त्याने मान हलवली.

“घरी येऊन तुझी नक्कल करायचे. ‘सर, थोडं गाणं पण वाजू द्या.’ मग ऐकलं बाई तुझं. शेवटची दोन वर्षं गाण्यावर एक शब्द नाही.”

त्या दोन वर्षांतलं त्याला सकाळपासून काहीच सापडलं नव्हतं.

“आता शेवटचा कार्यक्रम लाव. आवाज बसला होता ना, तो हवाय मला. चांगला आवाज काय, सगळ्यांनाच आठवतो.”

सुनीलकुमारचा हात माउसवर थांबला. काही बोलण्यासाठी त्याने तोंड उघडलं, पण अलकाबाईंनी डोळे मिटून घेतले होते. त्याने शेवटच्या शनिवारचं पहिलं गाणं लावलं.

त्या जराशा पुढे झुकल्या. बोटं टेबलावर हलकेच ठेका धरू लागली. पडद्यावरची रेघ सरकत राहिली.

“थांब हं,” त्या म्हणाल्या, “हे संपलं की बोलतील.”

गाणं संपलं. लगेच दुसरं सुरू झालं.

टेबलावरची बोटं थांबली. अलकाबाईंनी डोळे उघडले आणि एका कानावरचा हेडफोन सरकवून त्याच्याकडे पाहिलं.