रीनाची फळी

मी एक फळी. आठ फूट लांब, चार बोटं रुंद, खाली दोन ठोकळे. मध्य प्रदेशातल्या कटंगीजवळच्या एका गावातल्या अंगणवाडीत राहते.

दुलीचंद सुतारानं दाराच्या चौकटीतून उरलेल्या सागाची मला घडवली. रंधा मारून झाल्यावर लेकरांच्या पायात लाकडाची कूस जाऊ नये म्हणून त्यानं माझ्यावरून आपला गाल फिरवून पाहिला.

"सरितादीदी, काहून पायजे ही फळी तुमाले?"

"पोरं चालायले शिकतील."

"चालतात तर सगळेच."

दीदी हसली. पळणं, उडी मारणं, चेंडू झेलणं, तोल सांभाळणं हेही अक्षरांसारखं रोज थोडंथोडं शिकवावं लागतं, असं ती प्रशिक्षणात ऐकून आली होती. मग रोज सकाळी अर्धा तास ठरला. आधी चुन्याच्या रेघेवरून चालणं, मग दोरीवरून उडी, मग कापडाचा चेंडू. सगळ्यात शेवटी मी.

रीना चार वर्षांची. सपाट अंगणातही पडायची. गुडघे कायम फुटलेले. तिची आई मंजू भाताच्या रोवणीला जाता जाता तिला सोडायची आणि बजावायची, "दीदी, इले फळीवर चढवू नोका. पडते."

दीदीनं चढवलं. पहिले काही दिवस रीना दोन्ही हातांनी दीदीला धरून असायची आणि पायाच्या बोटांनी मला. नंतर एक हात सुटला. मग फक्त एक बोट उरलं. सातव्या आठवड्यात दीदीनं तेही हळूच काढून घेतलं. रीना चालत राहिली. हात पसरलेले, जीभ दातांत. टोकाला पोचल्यावर तिनं मागे पाहिलं.

"दीदी, आपने छोड़ दिया था क्या?"

"हौ. केव्हाचंच."

संध्याकाळी मंजूला कळलं तेव्हा तिचा विश्वास बसेना. "चार दिवसांत रोवणी सरते, दीदी. मंग येतो पाहाले."

चौथ्या दिवशी रीनाला ताप भरला. दोन दिवसांनी तिला बालाघाटला नेलं. ती परत चालत आली नाही.

रीनाची तेरवी झाल्यावर एका दुपारी मंजू आली. पोरं घरी गेली होती.

"दीदी, मले दाखवा ना. कशी चालत होती ते."

दीदीनं चपला काढल्या आणि माझ्यावर पाय ठेवला. "हात असे. जीभ अशी. इथं जराशी थांबायची."

"पडत नव्हती?"

"नाही. एकदाही नाही."

खरं तर बोट सुटल्याच्या दुसऱ्या दिवशी ती दोनदा घसरली होती. मला माहीत आहे. मंजू खाली बसली आणि तिनं दोन्ही तळवे माझ्यावर टेकवले.

तेव्हापासून मी दलियाच्या पोत्यांमागे भिंतीला उभी आहे. रेघ चालू आहे, चेंडू चालू आहे. माझी पाळी आली की दीदी पोरांना गाणं म्हणायला बसवते.

आता पुन्हा रोवणी लागली आहे. परवापासून अपेक्षा नावाची एक पोरगी येते. ती रेघेवरही डगमगते.

दीदी, तुझ्या मनात काय आहे ते मला कळतं. ती पावलं माझ्याही अंगावर आहेत. पण मला खाली ठेव. या पोरीचं बोट धर. आणि ज्या दिवशी ते सोडशील, त्याच दिवशी तिच्या आईला भाताच्या बांधीतून बोलावून आण. रोवणी थांबेल थोडी.