हिरवं फडकं

“तेवढा दरवाजा राहू दे, गुणदास,” सोमलता नोना म्हणाल्या. बाईसाहेबांना इकडे नोना म्हणतात.

गुणदासचा हात थांबला. बॉनेट, टप, मडगार्ड असं करत तो पुढच्या डाव्या दरवाजापर्यंत आला होता. समुद्रकाठच्या मातर गावाची खारी हवा आणि साठ वर्षांचं ऊन यांनी नोनांच्या जुन्या मॉरिस मायनर गाडीचा रंग पार खाल्ला होता. परवापर्यंत शेवाळलेल्या कौलासारखी दिसणारी गाडी दोन दिवसांच्या घासण्याने पुन्हा हिरवी झाली होती.

“नोना, एकच दरवाजा कसा ठेवणार? उद्या कोलंबोचा माणूस येतोय.”

“येऊ दे. त्याला इंजिन बघायचंय.”

“इंजिन बघायला आलेली माणसंही आधी रंग बघतात.”

कोरा चहा आणि गुळाचा खडा पायरीवर ठेवून नोना आत गेल्या.

कारण गुणदासला ठाऊक होतं. सकाळी नऊच्या सुमारास ऊन तिरकं आलं की त्या दरवाजावर सिंहली अक्षरांची गोल वळणं दिसत. ‘सेनाधीर ड्रायव्हिंग स्कूल’. नोनांचे यजमान सेनाधीर सर यांनी ती पांढऱ्या रंगाने स्वतः काढली होती. अर्धं गाव या गाडीत शिकलं. गुणदासही शिकला, आणि चौथ्या खेपेला पास झाला. “तू गाडी पुसतोस छान,” सर म्हणाले होते, “तेवढंच करत जा.” त्यानंतर चाळीस वर्षं त्याने तेवढंच केलं. स्वतःची गाडी त्याला कधी झाली नाही.

नजर अधू झाल्यावर सरांनी त्यालाच बोलावून घेतलं. “अक्षरं काढून टाक. शिकवणं बंद, मग पाटी कशाला?” पातळ पात्याने त्याने एकेक वळण खरवडून काढलं. पण अक्षरांखाली झाकलेली जागा विटली नव्हती. पांढरी अक्षरं गेली आणि तिथे गडद हिरवी राहिली. सर वारले त्याला आता सहा वर्षं होत आली होती.

घासलं की तीही जाणार होती. जुन्या गाडीच्या रंगावर वरून पारदर्शक थर नसतो. विटलेला रंगच फडक्यावर उतरतो, तेव्हा खालचा ताजा दिसतो. गुणदासच्या डब्यात तशी हिरवी फडकी साठली होती.

महिनाअखेरीला, येत्या रविवारी, भाड्याचं घर सोडून नोना कँडीला मुलीकडे राहायला जाणार होत्या. तिथे गाडी ठेवायला जागा नव्हती. म्हणून गिऱ्हाईक शोधलं होतं.

शनिवारी सकाळी ते आलं. रुवन नाव, तिशीतला, गळ्यात गॉगल अडकवलेला. त्याने इंजिन ऐकलं, खाली वाकून सांगाडा ठोकून पाहिला आणि डाव्या बाजूला येऊन उभा राहिला.

“मामा, हा काय प्रकार? पेरहेराच्या मिरवणुकीचा हत्ती सजवला आणि एक कान धुवायचा राहिला?”

“राहिला खरा,” गुणदास म्हणाला.

“राहिला की ठेवला? दरवाजा बदललेला दिसतोय. ठोकली होती का गाडी?”

“मूळचाच आहे. मी ओळखतो ही गाडी.”

“तुम्ही ओळखता, मी नाही ना. रंग एक असेल तर घासल्यावर कळेल. नसेल तर मी निघतो, मला आणखी एक गाडी बघायचीय.”

ऊन अजून दरवाजापर्यंत आलं नव्हतं. गुणदासने नोनांकडे पाहिलं. त्या पायरीवर उभ्या होत्या. अक्षरांचं सांगितलं असतं तर कदाचित रुवनने समजून घेतलं असतं. पण मग ती त्याचीही झाली असती, कोलंबोतल्या मित्रांना दाखवायची गंमत. नोनांनी सांगितलं नाही.

“घास, गुणदास,” त्या म्हणाल्या.

त्याने नवं फडकं घेतलं, जुन्या बनियनचं. घासलेटाचा वास येणारं पॉलिशचं कंपाउंड लावलं आणि तो नेहमीसारखा सरळ रेषेत घासू लागला, पुढून मागे, पुढून मागे. एरवी तो दाबून घासायचा, आज हात हलका ठेवला. त्याने काही फरक पडला नाही, फक्त वेळ जास्त लागला. अर्ध्या तासाने दरवाजात रुवनचे पाय आणि मागची केळीची पानं दिसू लागली.

“एकच रंग,” रुवन म्हणाला. “उगाच संशय घेतला, नोना.”

दुपारी तो गाडी घेऊन गेला.

रविवारी सकाळी तीनचाकी रिक्षाचा आवाज आला. नोना गुणदासच्या दारात उभ्या होत्या, प्रवासाची साडी नेसलेल्या.

“ते फडकं आहे का रे? त्या दरवाजाचं?”

“आहे ना. बसा.”

मागच्या पडवीत डबा होता. काल आल्यावर ते फडकं त्याने अगदी वर, घडी घालून ठेवलं होतं. ते तिथे नव्हतं. चुलीपाशी त्याची बायको नंदावती नारळाच्या झावळ्या मोडत होती. गॅस मिळेनासा झाल्यापासून चूल तीच पेटवायची.

“वरचं फडकं कुठेय?”

“सकाळी लावलं चुलीला. तुमची फडकी घासलेटाने चांगली पेटतात.” तिने वर पाहिलं. “का? कामाचं होतं?”

गुणदास डब्यापाशी बसला. मग डब्यात हात घालून त्याने खालचं एक फडकं काढलं. बॉनेटचं असावं, किंवा टपाचं. हिरवा तोच होता.

त्याने ते बाहेर नेऊन दिलं.

नोनांनी दोन्ही हातांनी ते उलगडलं, उजेडाकडे धरलं. “हेच ना?”

“हेच.”

“अक्षरं कुठे आली असतील?”

गुणदासने बोट पुढे केलं. नखातला हिरवा रंग अजून गेला नव्हता. जिथे रंग सर्वांत दाट बसला होता, त्या कोपऱ्याला त्याने बोट लावलं.

“इथे.”

तो कोपरा आत येईल अशी घडी घालून नोनांनी फडकं रुमालात बांधलं.