नाव ऑरिनचं, लाकूड माझं

मी लून तळ्याकाठचा बाक बोलतोय. डोंगरावरून उतरणारी पायवाट जंगलातून बाहेर पडते, तिथंच मी आहे. दमलेली माणसं माझ्यावर टेकतात, बूट काढतात, मोजे झटकतात आणि मग मान वळवून विचारतात, "अरे, हा ऑरिन कोण?"

झालं! बसायचं माझ्यावर आणि चौकशी त्याची.

ऑरिन म्हणजे माझ्या पाठीवर बसवलेली पितळी पाटी. 'ऑरिन टटल. याला हे तळं फार आवडायचं.' तो गेल्यावर त्याच्या बायकोनं, डोरीनबाईनं, त्याच्या आठवणीसाठी मला इथं बसवून घेतलं. म्हणजे तो माझ्यावर एकदाही टेकलेला नाही! आयत्या बिळावर नागोबा, दुसरं काय?

डोरीनबाई दर रविवारी कॉफीचा थर्मास घेऊन यायची. पाटीवरची पाखरांची घाण बाहीनं पुसायची. माझ्यावरच्या घाणीवर मात्र वर्तमानपत्र पसरून बसायची. मग पाटीवर बोट ठेवून सुरू. "ऐकतोयस का, ऑरिन? तुझा भाऊ पुन्हा माझ्या स्वयंपाकाला नावं ठेवून गेला. तू असतास तर त्याचीच बाजू घेतली असतीस म्हणा!"

आणि हसता हसता रडायची. तिची पाठ थरथरायची ते मला कळायचं, त्या पितळेला काय कळणार? माझ्या अंगाचा नुसता तिळपापड व्हायचा. एकदा, फक्त एकदा तिनं माझ्यावरून हात फिरवावा, एवढंच मला हवं होतं. पण मेलेल्या माणसापुढं कुणाचं चाललंय?

यंदाच्या बर्फानं माझे पाय कुजले. आज सकाळी पार्कची रेंजर टेस गाडीतून नवा बाक घेऊन आली. प्लास्टिकचा! डोरीनबाईही आली होती.

"पाटी नव्या बाकावर लावते हं," टेस म्हणाली.

"आणि हा?"

"हा गेला हो कामातून. सरपणात जाईल."

टेसनं स्क्रू काढले. मी सगळा राखाडी, भेगाळलेला. पण पाटीखालचं लाकूड अगदी कोवळं निघालं. डोरीनबाई वाकली. तिनं त्या जागेवर तळवा ठेवला, सावकाश फिरवला. शेवटी उघडलं माझं नशीब!

"ऑरिन," ती पुटपुटली, "इथं बरा होतास रे."

घ्या!

आता मी टेसच्या गाडीत आडवा पडलोय. तुम्हाला एकच विनवणी. कुठल्याही बाकावर बसलात तर पाटीवरचं नाव खुशाल वाचा. पण उठताना लाकडावर जरा हात फिरवा. आणि तेवढा वेळ तरी दुसऱ्या कुणाचं नाव घेऊ नका.