दारात उभा राहिलेला श्वास

शिवणकामाच्या दुकानावरच्या हॉलमध्ये दुपारी तीन वाजता मुंगी शिरायला जागा नव्हती. जिन्यावर चपलांचा खच, खिडक्यांवर जाड पडदे, आणि आत पन्नास-साठ माणसं चिडीचूप बसलेली. समोर टेबलावरच्या काचेच्या पेटीत एक नळी हळूहळू नारिंगी होत होती.

"दिवा तापू द्या," श्वासबाबा म्हणाले. "गेलेलं माणूस लांबून येतं. ते काय लिफ्टने येणार आहे?"

आणि मग तो आला. जमलेल्यांच्या पाठीमागून, दाराच्या बाजूने, एका तरुण मुलीचा श्वास. आत, बाहेर, पुन्हा आत. लोकांच्या अंगावर काटा आला. मागे वळून पाहायची कुणाची छाती झाली नाही.

टेबलाशी ताई बसली होती. टेबलाला ठोकलेल्या लाकडी चौकटीत तिच्या मुलीचा फोटो होता. बावीस वर्षांची ती पोर दोन वर्षांपूर्वी साध्या तापाचं निमित्त होऊन गेली. बाबांचा नियम असा, की फोटोला कपाळ टेकवून बसायचं.

"बाळा," ताई म्हणाली. श्वास थांबला.

"ऐकतेय ती," बाबा डोळे मिटून म्हणाले. "आई बोलत असताना मध्ये तोंड घालत नाही. गुणाची पोर!"

ताई गप्प झाली तसा श्वास हळूहळू पुन्हा वर आला. हॉलभर हुंदके फुटले.

शेवटच्या रांगेत ताईचा धाकटा भाऊ बसला होता. त्याचे डोळे कोरडे होते आणि नजर पेटीवरच्या बारक्या काट्यावर होती. ताई बोलली की काटा खाली पडायचा, गप्प झाली की सरकत वर यायचा. भाऊ ध्वनिमुद्रक. स्टुडिओत तीस वर्षं असल्याच पेटीसमोर बसून त्याने डोक्याचे केस घालवले होते. बाबांचं बिंग त्याला पहिल्या पाच मिनिटांतच कळलं. पण कळणं सोपं, बहिणीला सांगणं अवघड.

डॉक्टरांनी ताईला हृदयाचं ऑपरेशन महिन्याच्या आत करायला सांगितलं होतं आणि तिने दोनदा तारीख पुढे ढकलली होती. भूल दिली की धागा तुटेल, मुलगी दारातून परत जाईल, असं बाबांनी तिच्या डोक्यात भरवलं होतं. परवाच भाऊ तिच्या स्वयंपाकघरात बसून कळवळून बोलला होता.

"ताई, तो भोंदू आहे गं."

"असेल. पण मी श्वास रोखला ना, की तीही रोखते. मी रडले की तिलाही हुंदका येतो. इतका जीव आहे तिचा माझ्यात."

"तिच्या आवाजाची टेप आहे की तुझ्याकडे."

"आवाज आहे. श्वास कुठं आहेत?" ताईने भांडं जोरात ठेवलं. "तूच कापलेस ना? बाबांनी मला ते परत दिले."

खरंच होतं ते. भाची पंधरा वर्षांची असताना त्याच्या स्टुडिओत येऊन एक धडा वाचून गेली होती. दोन वाक्यांमधला श्वास म्हणजे दोष, अशी धंद्याची सवय. त्याने ब्लेडने तिचा एकेक श्वास कापला, तिथे कोरी फीत जोडली आणि ती चकचकीत टेप मोठ्या ऐटीत ताईला भेट दिली होती. परवा तो चपला घालून निघून गेला होता.

आज मात्र तो उठला. "मलाही भाचीशी बोलायचंय."

"या, या! मामाचा हक्कच आहे," बाबा म्हणाले.

भावाने ताईला अलगद उठवून बाजूच्या खुर्चीत बसवलं आणि स्वतः चौकटीवर कपाळ टेकलं. जन्मभराच्या सिगारेटींनी त्याची छाती शिट्टी वाजवायची. मागच्या दारातून आता तीच शिट्टी ऐकू आली.

"पोरगी सिगारेट ओढायची की काय?" कुणीतरी पुटपुटलं.

भावाने श्वास रोखला. दारातला श्वासही थांबला. पाच सेकंद गेले, आणि त्या शांततेतून खालच्या दुकानातलं शिवणयंत्र दारात येऊन खडखडू लागलं.

"आत्मा रुसला!" बाबा ओरडले. "नास्तिकाची सावली पडली! दिवा विझवा!"

भावाने चौकटीची मागची फळी उपटली. आत हरभऱ्याएवढा माइक होता. त्याची वायर टेबलाच्या पायातून पेटीत गेली होती, आणि पेटीतून निघालेली दुसरी वायर सतरंजीखालून दारावरच्या पडद्याआडच्या स्पीकरला.

"ही गायकांचा आवाज टिपायची पेटी आहे," तो म्हणाला. "मोठा आवाज ती दाबते आणि बारीक आवाज उचलून मोठा करते. तुम्ही बोललात की श्वास दबतो, गप्प झालात की वर येतो. ही दोन बटणं आवाजातला जाडपणा काढतात आणि धार वाढवतात, म्हणून साठीच्या बाईचा श्वास विशीच्या मुलीचा वाटतो. चमत्कार एवढाच. तुमचं दुःख खरं आहे, म्हणून तर ते असल्यांच्या हाती देऊ नका. कुणी काही दाखवलं, ऐकवलं, तर आधी त्याची मागची फळी उघडून बघा."

टाळी कुणी वाजवली नाही. बाबा मात्र आत्मे यायचे त्याच दारातून पसार झाले होते.

"दर आठवड्याला येत होती हो माझी बायको," एक म्हातारा म्हणाला. "काय मिळालं तुम्हाला?"

भाऊ हातातली फळी टेबलावर ठेवून बाहेर आला.

ताई जिन्याच्या पायरीवर बसली होती. तो शेजारी टेकला.

"मग इतके महिने तो श्वास कुणाचा होता?"

"तुझा, ताई."

तिने छातीवर हात ठेवला.

"आणि ती?"

खोटं बोलावं असं त्याला फार वाटलं. "ती नाही गं आता. तिचे श्वास होते ते मी कापले. चुकलो." आणि इतका वेळ कोरडा राहिलेला तो माणूस लहान मुलासारखा रडू लागला.

ताईने त्याच्या पाठीवरून हात फिरवला. मग कठड्याला धरून उठली. खाली उतरताना तिला दोनदा थांबून दम घ्यावा लागला.

"आधी डॉक्टरांकडे चल, तारीख घेऊ," ती म्हणाली. "आणि घरी गेल्यावर ती टेप लाव. तू जिथे जिथे कापलंयस ना, तिथे मी श्वास घेईन."