बसून पाहिलेलं घर

मित्रांनो, मी एक जुनी घडीची खुर्ची आहे. पायांना गंज, पाठ किंचित कललेली, पण कापड मात्र कोरं करकरीत. ते कसं, ते ओघात येईलच.

एका लहानशा कारखान्यात माझ्या नळ्या वाकवल्या, त्यांवर जाड निळं कापड ताणलं आणि मला दुकानाबाहेर उभं केलं. मला वाटलं, आपण एखाद्या बागेत जाऊन ऊन खात पडू. पण मला घेतलं घरांचे सौदे जुळवणाऱ्या एजंटबाईंनी. मला स्कूटरला बांधून त्या रिकामी घरं दाखवायला नेत. इतर एजंट खिडक्या उघडून "हवा बघा, उजेड बघा" म्हणत आणि पाच मिनिटांत कुलूप लावत. बाई मला खोलीच्या मधोमध उघडत आणि गिऱ्हाइकाला म्हणत, "बसा निवांत. घर उभ्याउभ्या कळत नाही." मग स्वतः गप्प राहत. बाईंसारख्या बोलक्या माणसाला ते किती जड जाई, मला विचारा.

एकदा एक घड्याळजी बायकोला घेऊन आले. काकू मोठ्या आजारातून नुकत्याच उठल्या होत्या. त्यांचं घर हमरस्त्यावर. ट्रक गेला की फळीवरची भांडी वाजत, आणि मोडलेली झोप काही परत येत नसे. डॉक्टर म्हणाले होते, औषधं पुरे, आता झोप हवी. म्हणून शांत घराचा शोध चालला होता.

तळमजल्यावरच्या एका घरात, मागच्या खोलीत, काकू माझ्यावर बसल्या आणि खुलल्या.

"इथे पलंग. खिडकीशी माझं शिलाई मशीन. तुमची घड्याळं बाहेरच्या खोलीत हं, मला टिकटिक नको."

"आणि मी?" घड्याळजींनी विचारलं.

"तुमचं बघू. घोरणं कमी केलंत तर."

घर पसंत पडलं. घड्याळजी कागदपत्रांचं विचारू लागले. बाईंना बरेच दिवस एकही सौदा मिळाला नव्हता. त्यांचा चेहरा उजळला.

तेवढ्यात माझे पाय थरथरले. अगदी बारीक. भिंतीपलीकडे इमारतीचा पाण्याचा पंप सुरू झाला होता. बोलण्याच्या नादात काकूंना कळलं नाही. पण बाईंचा हात माझ्या पाठीवर होता, तो तिथेच थबकला. मी मनात म्हटलं, बाई, मला तोंड नाही, तुम्हाला आहे.

"काकू, जरा गप्प बसा बरं," बाई हळूच म्हणाल्या. "पाय जमिनीला टेकवा. काही जाणवतंय?"

काकूंचा चेहरा उतरला. "हे काय हो?"

"पंप. पहाटेही चालत असणार. मलाही आत्ताच कळलं. हे घर तुमचं नव्हे."

"तुम्ही बोलला नसता, तर आम्ही घेतलं असतं की," घड्याळजी म्हणाले.

"म्हणून तर बोलले."

घरमालक चिडला आणि त्याने ते घर दुसऱ्या एजंटकडे दिलं. बाई मात्र काकूंना आणि मला घेऊन कितीतरी खोल्यांत बसल्या. शेवटी एका बोळाच्या टोकाचं घर सापडलं. बाई म्हणाल्या, "आधी राहायला जा, झोपून बघा. मग माझं कमिशन द्या."

राहायला गेल्याच्या दुसऱ्याच दिवशी घड्याळजी पाकीट घेऊन हजर.

"घासाघीस नाही करणार?" बाईंनी विचारलं.

"कशावर करू? काल रात्री ही घोरत होती. मी जागा राहून ऐकत होतो."

पुढे लोक मोबाइलवरच घरं पाहू लागले. मी कचेरीत दारामागे पडले. माझ्यावर आधी छत्र्या आल्या, मग रद्दी, आणि एक दिवस कापड टरकन फाटलं. बाईंनाही माझा विसर पडला. त्याचा राग नाही, वाईट मात्र वाटलं.

परवा काकू आपल्या भाचीला घेऊन कचेरीत आल्या. तिला घर हवं होतं. इकडेतिकडे पाहून त्यांनी विचारलं, "बाई, खुर्ची कुठाय? मोबाइलवर पोरीला बसवणार आहात का?"

बाई ओशाळल्या. त्यांनी मला दारामागून काढलं, काकूंनी घरी नेऊन नवं कापड शिवलं. उद्या बाई मला न्यायला येणार आहेत, भाचीच्या घरासाठी.

मित्रांनो, फाटलं म्हणून लगेच टाकू नका, आणि कुणाला काही दाखवाल तेव्हा त्याला आधी शांतपणे बसू द्या. याहून जास्त मला बोलता यायचं नाही. शिवण नीट बसली का, हे पाहायला काकू माझ्यावर टेकल्या आणि तशाच झोपल्यात. माझे पाय अगदी स्थिर आहेत.