मेणाच्या दोऱ्यावर ओवलेला कणा

घाबरू नका मित्रांनो, मी कुणाच्या पाठीतून काढलेला नाही. मी पाठीचाच एक जुना कणा आहे, पण प्लॅस्टिकचा. कारखान्यात माझे चोवीस मणके तारेवर ओवले गेले आणि तेव्हापासून मी डॉक्टरबाईंच्या टेबलाशेजारी टांगलेला आहे. बाई पाठदुखीवर व्यायाम शिकवतात. कुणाचं काहीही दुखो, त्यांच्या पेनाचं टोक माझ्या कमरेच्या चौथ्या मणक्यावरच टेकतं. बिचारा निळाशार झाला आहे.

एकदा पुस्तकं बांधणारे काका आले. चाळीस वर्षं पुस्तकांच्या पाठी शिवता शिवता त्यांची स्वतःचीच पाठ धरली होती. वाकलो तर मोडेन, या धास्तीने त्यांनी काम सोडलं होतं आणि आता घर त्यांना खायला उठत होतं.

कणा वाकण्यासाठीच असतो, असं बाईंनी सांगितलं आणि पटावं म्हणून मला वाकवून दाखवलं. नेमका तेव्हाच मी कडकन मोडलो! मणके खोलीभर घरंगळले. काकांचा चेहरा पांढराफटक पडला. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

बाई मला टाकून नवा मागवणार होत्या. पण मोडकी वस्तू टाकलेली काकांना बघवेना. ते मला पिशवीत घालून घरी घेऊन गेले.

तार गंजली होती. "पुस्तकालाही मी कधी तार घालत नाही," ते काकूंना म्हणाले. "दोरा असला की उघडतं कसं छान." मग मेण लावलेल्या दोऱ्यात ते एकेक मणका ओवू लागले. ओवता ओवता निळा मणका निसटून टेबलाखाली गेला. काका पटकन वाकले, तो उचलला, पुन्हा ओवायला बसले.

काकू दारातून बघत होत्या. हळूच म्हणाल्या, "अहो, तुम्ही आत्ता वाकलात."

काकांचा हात थांबला. मग त्यांनी तो मणका मुद्दाम खाली सोडला आणि पुन्हा वाकून उचलला.

आता ते बाईंनी शिकवल्याप्रमाणे मध्येमध्ये उठत, पाठ मोकळी करत पुस्तकं शिवतात. मी माझ्या जागी परत आलो आहे आणि पूर्वीपेक्षा छान वाकतो. त्या हातांचे उपकार मी विसरणार नाही.

मित्रांनो, मोडलेलं काही टाकण्याआधी एकदा हातात घेऊन बघा. आणि हे वाचताना कुबड काढून बसला असाल, तर उठा. जरा वाकून या.